‘कोए नो काताची’मधली शोको : बहिरेपण दाखवलंय की वापरलंय?

तिरपी_मात्रा (धागाकर्ता)

क्योटो ॲनिमेशनचा ‘कोए नो काताची’ हा ॲनिमेशनपट, म्हणजे आपण ज्याला ‘अ सायलेंट व्हॉइस’ म्हणतो तो, १७ सप्टेंबर २०१६ ला जपानमध्ये लागला. दिग्दर्शन नाओको यामादा, पटकथा रेइको योशिदा, मूळ सात खंडांची मांगा (जपानी चित्रकथा) योशितोकी ओइमा यांची. गोष्ट गिफू प्रांतातल्या ओगाकी शहरातली. सहावीच्या वर्गात शोको निशिमिया ही ऐकू न येणारी मुलगी येते. शोया इशिदा तिला छळतो, आणि प्रकरण अंगाशी आल्यावर सगळा वर्ग खापर त्याच्या एकट्याच्या डोक्यावर फोडून त्याला वाळीत टाकतो. बारावीच्या वयाचा शोया खुणांची भाषा शिकून तिला शोधत येतो, तिथून खरा सिनेमा सुरू होतो.

याचा विषय निघाला की दोनच सूर लागतात. एक, ‘किती सुंदर, शाळाशाळांत दाखवा’. दुसरा, ‘गुंडाला माफी मिळावी म्हणून एका मुलीला देवी करून ठेवलंय’. दोन्हींत शोको बाजूलाच राहते. म्हणून या धाग्यावर तपशील बोलू: यंत्र, हात, ओठ, आवाज, शाळा, घर.

सुरुवात नावापासून. ‘कोए’ म्हणजे आवाज, ‘काताची’ म्हणजे आकार. ‘कोए’साठी आज जी सुटसुटीत कांजी (जपानीतलं चिनी वळणाचं अक्षर) लिहितात ती सोडून ओइमांनी जुनी, भरगच्च कांजी घेतली. तिच्यात आवाज आहे, कान आहे आणि हाताची खूणही आहे. शोकोशी बोलायचे तीन रस्ते त्या एका अक्षरात बसलेत.

डेसिबल

यंत्राचं बघू. शोकोचं श्रवणयंत्र कानामागे बसणारं आहे. मागे पेटी, तिला आकडी, पुढे पारदर्शक नळी आणि कानात मापाचा साचा. हे भाग नीट काढलेत. शोया ते ओढतो तेव्हा कानातून रक्त येतं, त्यातही अतिशयोक्ती नाही. जास्त ताकदीच्या यंत्राचा साचा कानात घट्टच बसवावा लागतो. सैल बसला तर बाहेर निसटलेला आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो आणि यंत्र शिट्टी मारतं. घट्ट बसलेला साचा हिसडून काढला की आतली पातळ कातडी सोलवटणारच.

आता हिशोब. पाच महिन्यांत आठ यंत्रं गेली, शोयाच्या आईने भरलेली भरपाई १७ लाख येन. म्हणजे एकाला सुमारे २ लाख १२ हजार. सिनेमा हा आकडा सोडत नाही. शोया सामानसुमान विकून, नोकरी करून तेवढेच पैसे आईच्या उशाशी ठेवतो. छळाची किंमत अशी रोख रकमेत मांडलेली फार कमी वेळा दिसते.

निसटलंय ते यंत्राचं रोजचं जगणं. बॅटरी हवेवर चालणारी असते, तिचा स्टिकर एकदा काढला की परत चिकटवून ती थांबत नाही. घाम आणि दमट हवा यंत्राच्या मुळावर, म्हणून रात्री ते सिलिका जेलच्या डबीत ठेवतात. हे सगळं सहा वर्षं कोणीतरी करत आलं असणार, बहुतेक आई किंवा आजी. पडद्यावर ते येत नाही. शोकोची लिहून बोलायची वही तळ्यात पडते, यंत्रं खिडकीबाहेर जातात, पण रात्री यंत्र पुसून ठेवणारा हात दिसत नाही.

उलटा_पेला

डबी दाखवली नाही म्हणून प्रतिनिधित्व कमी पडलं? सव्वादोन तासांत किती दाखवणार!

डेसिबल

डबीच हवी असा हट्ट नाही. पण यंत्र दर वेळी तुटताना किंवा हरवतानाच दिसलं, तर बघणाऱ्या मुलाच्या डोक्यात ‘नाजूक, दुःखाची वस्तू’ एवढंच बसतं. चष्म्याचं तसं होत नाही, कारण चष्मा पुसताना आपण रोज बघतो.

चोवीस_फ्रेमा

हाताबद्दल. सेकंदाला २४ फ्रेमा असल्या तरी टीव्हीच्या ॲनिमेत (जपानी ॲनिमेशनमध्ये) बहुतेक हालचाल ‘तीनवर’ असते, म्हणजे एक चित्र तीन फ्रेमा टिकतं आणि सेकंदाला आठच चित्रं लागतात. चालणं, वळणं यात खपून जातं. खुणांच्या भाषेत नाही. तिथे हाताचा आकार, जागा, तळवा कुठे वळलाय आणि हात कसा हलतो, या चारांतलं एक बदललं तरी शब्द बदलू शकतो. मधलं एक चित्र गाळलं की अर्थ गळतो. त्यामुळे अशा शॉटला आधी खऱ्या हातांचं चित्रीकरण समोर ठेवून किती फ्रेमा हात थांबतो, किती फ्रेमा सरकतो हे मोजावं लागतं. या सिनेमात हात थांबतात. खूण पूर्ण झाली की क्षणभर तशीच राहते, मग खाली येते. बरंचसं काम त्या थांबण्याने झालंय.

फ्रेमिंगची अडचण वेगळीच. शोया कोणाच्या डोळ्याला डोळा देत नाही, म्हणून यामादांचा कॅमेरा पायांवर, बुटांवर, हनुवटीखाली रेंगाळतो आणि लोकांच्या चेहऱ्यांवर निळ्या फुल्या मारलेल्या असतात. खुणा मात्र कमरेपासून डोक्यापर्यंतच्या चौकटीत घडतात. त्यामुळे शोको बोलायला लागली की कॅमेऱ्याला मागे यावंच लागतं आणि शोयाला मान वर करावीच लागते. तिच्याशी बोलायचं तर तिच्याकडे बघणं भाग आहे. हे संवादात कोणी म्हणत नाही, शॉटची रचनाच करून दाखवते.

ओठांचं मात्र फसलंय, आणि ते फसणारच होतं. ॲनिमेत तोंडाचे तीन आकार असतात: बंद, अर्धं, उघडं. ते संवादाच्या लांबीवर फिरवतात. शोको ओठ वाचते असं गोष्ट सांगते, पण समोरच्याच्या तोंडात वाचण्यासारखं काही काढलेलंच नाही. ओठ वाचणारा प्रेक्षक इथे पूर्ण बाहेर पडतो, त्याला सबटायटलच लागतं.

हातवारे

वरच्याला जोडून. जपानमध्ये ‘खुणांची भाषा’ या नावाखाली दोन गोष्टी चालतात. एक, जपानी सांकेतिक भाषा: स्वतःचं व्याकरण असलेली. तिच्यात भुवया, मान, तोंडाचा आकार हे व्याकरणाचे भाग असतात; प्रश्न आहे की विधान हे भुवईवर ठरतं. दुसरी, बोललेल्या जपानीच्या क्रमानेच खुणा लावत जाणं. शोया तोंडाने बोलता बोलता हात चालवतो, म्हणजे तो दुसरा प्रकार करतो. उशिरा शिकलेल्या, ऐकू येणाऱ्या मुलाने तसंच करावं, ते बरोबर आहे. शोकोचंही घर ऐकणाऱ्यांचं, लहानपणची शाळा ऐकणाऱ्यांची, तिचा कल तिकडे असणं पटतं. पण त्यामुळे बहिऱ्या लोकांमधली भाषा, एका बहिऱ्याची दुसऱ्याशी गप्पा, सिनेमात जवळपास नाहीच. शोकोला बहिरी मैत्रीण नाही. हा माझा सगळ्यात मोठा आक्षेप. खुणांच्या वर्गात ती जाते, तिथे दुसरं कोणीतरी असेलच की.

एक खूण जवळून बघा. सहावीतली शोको शोयाकडे बोट करते, मग स्वतःकडे, मग स्वतःचेच दोन हात एकमेकांत धरते. ‘मित्र’. त्याला कळत नाही, तो चिडतो. काही वर्षांनी खुणांच्या केंद्रात तो तीच खूण तिला करतो. मध्ये कोणी समजावून सांगत नाही. पहिल्या वेळी ज्याला अर्थ कळला नाही तो प्रेक्षक शोयाच्याच बाकावर बसलेला असतो.

आपल्याकडे बघून शिकणाऱ्यांसाठी सूचना: ही खूण इथे चालेल असं गृहीत धरू नका. ‘धन्यवाद’ला जपानीत आडव्या डाव्या हाताच्या पाठीवरून उजवा हात कडेने वर उचलतात, भारतीय सांकेतिक भाषेत हात हनुवटीपासून पुढे येतो. बोटांची अक्षरंही वेगळी. जपानी बोटाक्षरं १९३१ मध्ये ओसाकाच्या शाळेत घडली, अमेरिकन वळणाची, एका हाताची. आपली इंग्रजी अक्षरं ब्रिटिश वळणाची, दोन हातांची.

सातवा_खंड

‘शोको देवी झाली’ या आक्षेपाचं मूळ कात्रीत आहे. ६० हून जास्त प्रकरणं १३० मिनिटांत बसवताना योशिदांनी शोयाची नजर धरली आणि बाकीच्यांची प्रकरणं सोडली. मांगात पुढे प्रत्येकाला स्वतःचं प्रकरण मिळतं. ५१ वं शोकोचं आहे. त्यात इतरांच्या संवादाच्या फुग्यांतली अक्षरं अर्धवट पुसलेली आहेत, काही रेघा आहेत, काही नाहीत. जपानी वाचकालाही ते नीट वाचता येत नाही. डोकं लावून, अंदाज बांधून, चेहऱ्याकडे बघून अर्थ लावावा लागतो. शोको दिवसभर काय करते ते थोड्या पानांत कळतं. सिनेमात याला तोड नाही.

दुसरं गळलं ते बापाचं. मांगात नवऱ्याच्या घरचे लोक मुलीच्या बहिरेपणाचा दोष आईवर टाकतात आणि लग्न मोडतं. सिनेमात शोकोची आई याएको नुसती कडक, थोबाडीत मारणारी बाई दिसते. ती तशी का झाली हे कापलं गेलं. धाकटी युझुरू केस कापून, मुलाचे कपडे घालून बहिणीची राखण करते, तिचंही मूळ त्याच घरात आहे. सिनेमात युझुरूच्या मुलगेपणाचा अर्थ प्रेक्षकावर सोडलाय. मला ते चाललं.

उलटा_पेला

म्हणजे सिनेमा फसला, मांगा वाचा, असंच ना?

सातवा_खंड

नाही. सिनेमाने जे पानावर येत नाही ते कमावलं. केन्सुके उशिओंनी संगीतासाठी पियानोच्या पोटात माइक ठेवले. त्यामुळे सुराबरोबर हातोडीचं नमदं, लाकूड, पेडलची खरखरही ऐकू येते. श्रवणयंत्र असंच करतं: हवं ते आणि नको ते, सगळं मोठं करतं. खुर्ची सरकल्याचा आवाजही बाईंच्या आवाजाइतकाच कानावर आदळतो. हेडफोन लावून बघा, फोनच्या स्पीकरवर हा थर गायब होतो. आणि फटाक्यांच्या रात्री पेल्यातल्या पेयावर दणक्याने तरंग उठतात तो शॉट. आवाजाला आकार दिलाय तो तिथे.

नकाशेवाला

सगळे शोकोवर थांबलेत, इशिदांच्या घराकडे कोणाचं लक्ष नाही. शोयाची आई एकटी, घरालाच लागून केस कापायचं दुकान. शोयाच्या बहिणीचा नवरा पेद्रो ब्राझीलचा. त्यांची मुलगी मारिया सावळी, कुरळ्या केसांची, घरभर बागडते आणि तिच्या रंगावर कोणी चकार शब्द काढत नाही.

हे लेखिकेने हवेतून आणलेलं नाही. १९९० मध्ये जपानने परदेशप्रवेशाच्या कायद्यात बदल करून जपानी वंशाच्या परदेशी लोकांना राहून काम करायची वाट उघडली. ब्राझीलहून हजारो कुटुंबं आली आणि आइची, शिझुओका, गिफूच्या कारखान्यांच्या पट्ट्यात स्थिरावली. ओगाकी त्याच पट्ट्यातलं. तिथल्या घराची गोष्ट सांगताना पेद्रो येणं म्हणजे इचलकरंजीच्या गोष्टीत माग येण्यासारखं आहे.

पण बघा, बहिणीचा चेहरा सिनेमाभर एकदाही दाखवलेला नाही. गंमत म्हणून ठीक. तरी त्या गमतीत पेद्रोच्या वाट्याला जे दोन क्षण येतात तेही हसण्यावारी जातात. मारिया मात्र खरी आहे. पैसे जळल्यावर आजी आणि मामा रडारडीला येतात आणि ती मध्ये उभी असते, त्या प्रसंगात तिचं कुरळेपण नव्हे, लहानपण महत्त्वाचं आहे.

ठिकाणंही खरी आहेत. माशांना पाव घालतात तो पूल ओगाकीतला मिदोरी पूल, सुइमोन नदीवरचा. ती वाकडीतिकडी बाग म्हणजे योरो पार्कमधली १९९५ ची कलाकृती; तिथे जमीन मुद्दाम तिरकी आहे, चालताना तोल जातो.

फळा_खडू

शाळेचं चित्र मला सगळ्यात अचूक वाटलं, कारण तिथे दुष्ट कोणीच नाही, नुसती व्यवस्था नाही. शोको वर्गात येते तेव्हा वहीपलीकडे काही तयारी केलेली नसते. कोण काय म्हणालं ते सांगायचा भार शेजारच्या मुलींवर, विशेषतः उएनोवर पडतो. सुरुवातीला ती मदत करते, मग तिचंच लिहायचं राहायला लागतं, मग वैताग येतो. या वैतागाचं पुढे छळात रूपांतर होतं. विशेष वर्गाच्या किता बाई रोज सकाळी तीन मिनिटं खुणा शिकू या म्हणतात, उएनो विरोध करते, साहारा नावाची मुलगी हात वर करते, आणि पुढे साहारालाच टोमणे बसतात. वर्गशिक्षक ताकेउची शोकोची नक्कल चालू असताना हसू दाबतात. तेवढं हसू पुरे असतं.

काय करायला हवं होतं? टिपणं घ्यायचं काम एकाच मुलावर नको, पाळी लावा. फळ्याकडे तोंड करून बोलू नका, बोललेलं फळ्यावर लिहा. शिक्षकाच्या गळ्यात माइक आणि यंत्राला थेट जोडणारा रिसीव्हर द्या, म्हणजे गोंगाटातून आवाज वेगळा होतो. समूहगानात तिला गायलाच लावायचं हा हट्ट कशाला?

काळही लक्षात घ्या. जपानचा शाळेतल्या छळाविरुद्धचा कायदा २०१३ चा, अपंगांबाबत भेदभाव रोखणारा कायदा एप्रिल २०१६ पासून लागू, म्हणजे सिनेमाच्या पाच महिने आधी. शोकोची सहावी या सगळ्याच्या आधीची. आपला दिव्यांग हक्क कायदाही डिसेंबर २०१६ चाच.

डेसिबल

आवाजाचं कोणी बोललं नाही अजून. जपानीत शोको झाल्यात साओरी हायामी, त्यांना ऐकू येतं. काम मेहनतीचं आहे: व्यंजनं बोथट, स्वर लांबलेले, पट्टी अचानक वर जाते. इंग्रजी डबमध्ये शोकोचा आवाज लेक्सी काउडेन यांचा, त्या स्वतः कर्णबधिर आहेत. दोन्ही लागोपाठ ऐका. काउडेन यांच्या बोलण्यात श्वास कुठे तुटतो ते अनुकरणाने येत नाही.

‘बहिरी अभिनेत्री घेणं तांत्रिकदृष्ट्या अवघड’ हे कारण टिकत नाही. डबिंगला तीन बीप वाजवून चौथ्यावर बोलायचं असतं. बीपऐवजी पडद्यावर सरकणारी रेघ, दिवा किंवा खांद्यावर टिचकी चालते.

तिरपी_मात्रा

मध्येच एक: काही ठिकाणी शोकोला ‘मूकबधिर’ लिहिलं जातं. ती मूक नाही. सिनेमाचा सगळा जीव ती बोलते आणि ते कळत नाही यात आहे. ‘कर्णबधिर’ किंवा सरळ ‘बहिरी’ लिहा.

शिवाय पालक विचारतात म्हणून: सिनेमा आत्महत्येच्या तयारीनेच उघडतो, आणि फटाक्यांच्या रात्री शोको बाल्कनीच्या कठड्यावर चढते. बाराच्या आतल्या मुलांना एकट्याने लावून देऊ नका. मोठ्यांबरोबर बघताना त्या प्रसंगानंतर थांबवून बोललात तरी चालेल.

तळटीप

मराठी सबटायटल करायचं ठरवलं तर एका जागी घाम फुटतो. शोकोने केस वर बांधलेत, एरवी लपलेलं यंत्र उघडं आहे. हातांनी न सांगता तोंडाने सांगायचं तिने ठरवलंय. ती म्हणते ‘सुकी’, म्हणजे आवडतोस. शोयाला ऐकू येतं ‘त्सुकी’, म्हणजे चंद्र. तो वर बघतो, चंद्र खरंच आहे, सुंदर आहे म्हणतो. आता मराठीत काय लिहू? ‘तू छान’ आणि ‘चांद’?

हातवारे

खुणेने सांगितलं असतं तर त्याला तेव्हाच कळलं असतं. अंगठा आणि तर्जनी गळ्यापाशी धरून खाली आणत मिटायची, झालं ‘सुकी’. त्याला ती खूण येते. तिने त्याच्या भाषेत यायचं ठरवलं तिथेच गाडी अडली. सबटायटलमध्ये हे तरी पोचलं पाहिजे.

डेसिबल

‘सुकी’तला स का गेला तेही बघा. स चा आवाज ४००० हर्ट्झच्या वर असतो. तीव्र बहिरेपणात तो भाग बहुधा आधी जातो, आणि बऱ्याच जुन्या यंत्रांची ताकद ५००० च्या आसपास संपते. जो आवाज कधी नीट ऐकलाच नाही तो तोंडातून कसा निघणार? तिचा उच्चार ‘ऊकी’च्या जवळ जातो. ‘छान’चा छ बोथट होऊन ‘चान’ होईल, तिथून ‘चांद’ पटेल. पण ‘छान’ फार हलकं आहे.

सातवा_खंड

‘छान’ नको. जपानी प्रेक्षकाला इथे आणखी एक गोष्ट आठवते: ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’चं भाषांतर ‘चंद्र सुंदर आहे’ असं करा, असं नात्सुमे सोसेकी म्हणाले होते अशी दंतकथा. लिखित पुरावा नाही, पण सगळ्यांना ठाऊक. म्हणजे शोया अजाणता होकार देऊन बसतो. चंद्र हलवता येणार नाही.

चोवीस_फ्रेमा

मग जपानी शब्दच ठेवा. देवनागरीत त्सु नीट लिहिता येतो, रोमनपेक्षा आपलं बरं. डोळ्यांना स आणि त्स मधला फरक दिसेल.

तळटीप

ठरलं. शोकोची ओळ ‘ऊकी!’, अर्थ न देता. शोयाची ओळ ‘त्सुकी? चंद्र?’. मग ती पळत सुटते तेव्हा, त्याला नाही, फक्त वाचणाऱ्याला, खाली: ‘सुकी. आवडतोस.’

हातवारे

शेवटची ओळ काढा. शोयाला कळलेलं नाही, तर वाचणाऱ्याला का कळावं?

तळटीप

कारण जपानी प्रेक्षकाला त्या क्षणी कळलेलं असतं. मराठी वाचकाला त्याच्या मागे का ठेवू?

चोवीस_फ्रेमा

ठेवा, पण ती पळत चौकटीबाहेर गेल्यावर. चेहरा दिसत असताना खाली अक्षरं आली की डोळे अक्षरांवर जातात.